मुंब्र्यापर्यंत कोरडी

कोपरी, ठाणे (पूर्व)
३ फेब्रुवारी १९८७

आई,

'तीर्थरूप' लिहायला घेतलं आणि हात थांबला. चार वर्षांत तुला एकही पत्र लिहिलं नाही, सवय गेली. नुसतं आई लिहिते.

संक्रांतीला नंदामावशी भेटली तेव्हा तिच्याजवळ निरोप दिला होता, मालूला घेऊन एकदा डोंबिवलीला येऊ का म्हणून. तू उत्तर देशील असं वाटलं नव्हतं. कार्ड आलं. मी ते इतक्या वेळा वाचलं की आनंद म्हणाला, "अगं, पाठीमागे पण काही लिहिलंय का बघ." पाठीमागे पत्ता होता. 'सौ. चित्रा' लिहून आडनावाच्या जागी तू मोकळी जागा सोडली होतीस. पोस्टमनने तरीही बरोबर आणून दिलं. कोळीवाड्यात चित्रा एकच आहे.

तू लिहिलंस, 'निरोप मिळाला. यांची रोज दोन तास पूजा असते, घरात सोवळंओवळं आहे हे तुला ठाऊक आहे. लहान मूल कुठेही ओलं करतं. ती सांगायला लागली की मग बघू. सुमती.'

खाली 'आई' लिहिलं नाहीस, हेही पाहिलं.

आनंदच्या मते ही सबब आहे. लग्नाला आली नाही, बारशाला आली नाही, आता मुलीच्या चड्डीवर आली, असं तो म्हणतो. त्याचा राग मला समजतो. पण सासूबाई जाळ्याच्या दोऱ्याचा गुंता सोडवत बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "अट घातली म्हंजे दार उघडं हाय. बंद दाराला कोन अट घालतं?"

म्हणून तुझी अट मी खरी धरून चालले आहे.

मालू आता अडीच वर्षांची झाली. डोळे अप्पांसारखे, जरा रोखून बघणारे. मी अजून वागळे इस्टेटमध्ये त्याच ऑफिसात आहे, त्यामुळे दिवसभर ती सासूबाईंबरोबर असते. सकाळी त्या मासळीबाजारात जातात, ही त्यांच्या पाट्यांच्या मागे बसते. घरात आणि बाजारात ती सांगते. नव्या जागी गेली की विसरते, नाहीतर खेळाच्या नादात उभ्याउभ्या होऊन जाते.

मी हिशेब केला. आमच्या दारापासून तुझ्या दारापर्यंत सव्वा तास. तेवढा वेळ ती कोरडी राहिली पाहिजे, आणि वर तुझी मोरी कुठे आहे ते तिला कळेपर्यंतची पाच मिनिटं. माझ्या हातात फक्त रविवार आहेत. दर रविवारी थोडं थोडं लांब जायचं असं ठरवलं आहे.

उत्तर पाठवलं नाहीस तरी चालेल. मी लिहीत जाईन.

चित्रा


१५ फेब्रुवारी १९८७

आई,

आज तलावपाळीला गेलो. पिशवीत तीन चड्ड्या, एक फ्रॉक, रद्दीचे पेपर, पाण्याची बाटली, फडकं आणि झाकणाचा एक पत्र्याचा डबा. डबा सासूबाईंनी दिला. रस्त्यात कुठे जागा नसली तर आडोसा करून यावर बसव, म्हणाल्या. मला लाज वाटली. ऑफिसातलं कोणी भेटलं तर काय सांगू, असं म्हटलं तर म्हणाल्या, "सांग, खाऊचा डबा हाय. उघडून कोन बघतंय."

पहिल्या खेपेला दोन चड्ड्या गेल्या. एक पुलावर, एक भेळवाल्यासमोर. मी तिला ओरडले नाही. म्हणजे एकदा ओरडले.

सासूबाईंची रीत तुला सांगते. त्या पाय पसरून खाली बसतात, दोन पावलांमध्ये पेपर पसरतात आणि मालूला पावलांवर बसवतात, तोंड स्वतःकडे करून. मग दातांतून आवाज काढतात. आपण 'शूऽऽ' करतो तसा नाही, त्याहून बारीक आणि लांब, 'सऽऽऽ' असा. तो ऐकला की मालूचं काम होतंच. झाल्यावर त्या तिच्या गालावर हात ठेवून म्हणतात, "शानी माजी बाय." हे ऐकल्याशिवाय ती उठत नाही. एकदा बाजारात गिऱ्हाईक आलं म्हणून त्या म्हणायला विसरल्या, तर ही बया पेपरवर तशीच बसून राहिली, पापलेटांचा भाव ठरेपर्यंत.

इथे सगळे त्यांना आये म्हणतात. मीही म्हणते. तुला हे वाचून कसं वाटेल याचा विचार केला, आणि तरी लिहिलं.

मालू 'शू आयली' म्हणते. 'आली' म्हण, असं मी सांगत नाही. तू सांगशील, मला माहीत आहे.

परवा तिची गादी वाळत घालताना एक आठवलं. मी पहिलीत जाईपर्यंत गादी ओली करत होते. कोणी जागं व्हायच्या आधी उठून तू चादर धुवायचीस आणि गादी गच्चीवर टाकीच्या पलीकडे टाकायचीस, शेजारच्यांना दिसू नये म्हणून. संध्याकाळी पदराखाली झाकून खाली आणायचीस. अप्पांनासुद्धा तू कधी सांगितलं नाहीस. मला कधी बोललीही नाहीस. मी तेव्हा समजत होते की गाद्या सगळ्यांच्याच टाकीमागे वाळतात.

चित्रा


१ मार्च १९८७

आई,

आनंदाची बातमी आहे. आज मुंब्र्यापर्यंत कोरडी.

गेल्या रविवारी कळव्याला गेलो होतो, तेव्हा एकच चड्डी लागली. आज दुपारच्या गाडीने निघालो. गाडीचा डबा जवळजवळ रिकामा होता. मालू खिडकीशी उभी राहून खाडी बघत होती आणि प्रत्येक होडी आपल्या बाबाची आहे असं समोरच्या बाईंना सांगत होती. आनंद कारखान्यात फिटर आहे, होडी त्याच्या काकांची, पण मी काही दुरुस्त केलं नाही. मुंब्र्याला उतरलो, बाकावर अर्धा तास बसलो, देवीच्या डोंगराकडे बघितलं, परतीच्या गाडीने घरी. दोन तास. एकही चड्डी बदलली नाही. पिशवी जशी नेली तशी आणली.

मुंब्र्यानंतर दिवा, मग कोपर, मग तुमचं स्टेशन. मी गाडीत बसून मोजत होते. नकाशावर डोंबिवली कधी एवढी जवळ वाटली नव्हती.

मालूला तुझा जुना फोटो दाखवते, माझ्या मॅट्रिकच्या निकालाच्या दिवशीचा, ज्यात तू हिरव्या काठांची साडी नेसली आहेस. ती तुला 'दोंबीवलीची आजी' म्हणते.

चित्रा


१२ मार्च १९८७

आई,

मागच्या पत्रात एक गोष्ट लिहिली नाही. ती आज लिहिते, कारण दहा दिवस मला दुसरं काही सुचलेलं नाही.

मुंब्र्याच्या रविवारी मी मालूला सकाळपासून पाणी दिलं नव्हतं. दूधही अर्धाच कप. तिने गाडीत दोनदा पाणी मागितलं. बाटली पिशवीत होती. मी म्हटलं, घरी गेल्यावर देते हं. ती होड्या मोजत राहिली. हट्ट केला नाही. माझं पोर फार समजूतदार आहे, हे मला त्या दिवशी कळलं आणि मी त्याचा फायदा घेतला.

त्याच्या आदल्या रविवारी कळव्यालाही मी तसंच केलं होतं.

मंगळवारी तिला ताप भरला. पेपरवर बसवलं की रडायची, "आग, आग" म्हणायची. आयेने दहादा आवाज काढला तरी बसायला तयार नाही. डॉक्टरांनी तपासून विचारलं, पाणी नीट पिते ना? मी मालूचा फ्रॉक नीट करत बसले. आयेने माझ्याकडे बघितलं. घरी येऊन त्यांनी तिला औषध दिलं. मालूला झोपवलं आणि मग म्हणाल्या, "सुकवतेस का गं पोरीला? सुकट हाय का ती?"

मी म्हटलं, "आये, त्यांच्या घरी सोवळं असतं."

"मंग? त्यांचं सोवळं हिनं तान्हेली राहून सांभालायचं?"

मी रडायला लागले तर त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्यासमोर आदळला. "आधी तू पी," म्हणाल्या. "मंग तिला पाज."

आता ती बरी आहे. ताप उतरला, औषध संपत आलं. पण पेपर बघितला की अजून दचकते. आये तिला पुन्हा पहिल्यापासून शिकवताहेत, रोज, पाट्यांच्या मागे.

आई, मला तुझ्यावर रागावायचं होतं. पत्र सुरू केलं तेव्हा तेच मनात होतं. पण पाणी तू नाही तोडलंस, मी तोडलं. तुझ्या दारात कोरडी मुलगी उभी करून मला पास व्हायचं होतं. परीक्षा माझी, आणि तहानलेलं ठेवलं तिला.

चित्रा


२९ मार्च १९८७

आई,

पुढच्या रविवारी, पाच तारखेला, अकराच्या सुमाराला आम्ही येतो. मी आणि मालू. आनंद येणार नाही, त्याला बोलावलेलं नाही.

ती सांगते का? कधी सांगते, कधी नाही. वाटेत हवं तितकं पाणी पिऊन येईल. तुझ्याकडे ओलं करेल किंवा नाही करणार, मला सांगता येत नाही, आणि आता मी त्यासाठी काही करणार नाही. जशी आहे तशी आणते.

तुला नको असेल तर दार लावून घे. कडी वाजवून तुला अडचणीत आणणार नाही. फडके रोडच्या गणपतीला जाऊन, तिला दाखवून परत फिरेन.

चित्रा


६ एप्रिल १९८७

आई,

काल तू तिथेच होतीस, तरी लिहिते. आमच्या बाजूने ते कसं दिसलं हे तुला माहीत नाही.

तिन्ही चड्ड्या मुंब्र्याच्या आत संपल्या. चौथी अंगावर होती. तुमच्या जिन्याच्या खाली उभी राहून मी तिला विचारलं, शू आली? नाही म्हणाली. पुन्हा विचारलं. तिने माझ्याकडे असं बघितलं, अप्पा फळ्यावर गणित चुकलेल्या मुलाकडे बघायचे तसं.

दुसऱ्या मजल्यावर आले तर दार सताड उघडं. मी दार बंद असलं तर काय करायचं याचीच तयारी केली होती. उघडं असलं तर काय करायचं ते ठरवलंच नव्हतं. म्हणून उंबऱ्याशी उभी राहिले. तू स्वयंपाकघरातूनच म्हणालीस, "चपला आत घे. खालचं कुत्रं नेतं."

चार वर्षांनंतर पहिलं वाक्य. मी चपला आत घेतल्या.

अप्पा वेताच्या खुर्चीत, पेपर तोंडासमोर. कधीच झाली होती त्यांची पूजा, कपाळावरचं गंध वाळलं होतं. पेपरचं पान काही उलटत नव्हतं. मालू त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली, मग वाकून पेपरच्या खालून बघितलं.

"आजोबा हाय आत," तिने मला सांगितलं.

अप्पांचा पेपर हलला. ते हसले की काय ते मला दिसलं नाही. मग म्हणाले, "हत्ती बघायचा का?" आणि सर्कशीच्या जाहिरातीचं पान काढून त्यांनी जमिनीवर पसरलं.

जमिनीवर पेपर पसरला, आई. आणि आत तुझा कुकर चढला होता.

आमच्याकडे भात टोपात होतो, पेज काढून. कुकर आमच्या घरात नाही. तो लग्नात तुझ्याकडून यायचा होता, आला नाही, आणि मग मीही घेतला नाही. त्यामुळे शिट्टीच्या आधी कुकर जो आवाज करतो तो मालूने जन्मात ऐकला नव्हता. ऐकला होता तो आयेच्या दातांतून. बारीक, लांब, 'सऽऽऽ'.

ती एकदम सरळ झाली. "शू आयली," म्हणाली, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. चड्डी खाली केली आणि हत्तीवर बसली.

तिने काय चुकवलं होतं? सांगितलं होतं. पेपरवर बसली होती. मुंब्र्यापासून इथपर्यंत रोखून धरलं होतं, अर्थात चौथ्या चड्डीपुरतं. तुझ्या कार्डात जे लिहिलं होतं ते तिने अक्षरशः पुरं केलं, अप्पांच्या पायाशी, देवघरापासून चार हातांवर. आणि तुमची जमीन देवघराकडे उतरती आहे हे मी विसरले होते. पेपर भिजला, एक धार निघाली आणि देवघराच्या उंबऱ्याच्या दिशेने चालू लागली.

तू स्वयंपाकघराच्या दारात होतीस. कुकर धरायचं फडकं हातात. ते तू टाकलंस, धारेच्या पुढे, आणि पायाने दाबलंस.

मालू बसूनच. माझ्याकडे बघितलं, अप्पांकडे बघितलं. ती कशाची वाट बघतेय ते मला ठाऊक होतं, पण मी त्या धारेकडेच बघत होते. तिचा खालचा ओठ पुढे यायला लागला.

मग तू वाकलीस, तिच्या गालावर हात ठेवलास आणि म्हणालीस, "शानी माजी बाय."

आई, तू 'शहाणी' म्हणाली नाहीस. 'माझी'ही नाही. तू, जी मला 'पानी' म्हटल्याबद्दल पाटावरून उठवायचीस.

म्हणजे तू सगळी पत्रं वाचलीस. एकेक शब्द वाचलास.

मालू उठली. फ्रॉक मागून चिंब. अप्पा पेपरकडे बघत म्हणाले, "अग्रलेखही त्याच पानावर होता. फारसं नुकसान नाही." मी म्हटलं, कोरडं काही नाहीये गं, सगळं संपलं, एखादा जुना पंचा असला तर दे. तू आतल्या खोलीत गेलीस. कपाट उघडल्याचा आवाज आला. कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या.

तू उशीच्या जुन्या अभ्र्यात बांधलेलं गाठोडं आणलंस. "घरात लहान मुलाचं एवढंच आहे," म्हणालीस.

डांबरगोळ्यांचा वास. झबली, बंदांची, सहा. टोपरी. कुंची, गोंड्याची. दुपटी चार, त्यातलं एक हिरव्या काठांच्या साडीचं, फोटोतल्या. बाळंतविडा. मी सातव्या महिन्यात होते तेव्हा नंदामावशीने तुला सांगितलं असणार. बारशाच्या दिवशी आयेने आमच्या सगळ्या बायकांना सांगितलं होतं, तिच्या माहेरचा विडा पाठीमागून येतोय. आयेला वाटलं होतं आपण हिच्यासाठी खोटं बोलतोय.

अप्पांनी विचारलं, "हे केव्हा शिवलंस?"

"भात लागेल," म्हणालीस आणि गेलीस.

झबलं तिच्या हातात कोपरापर्यंतसुद्धा गेलं नाही. शेवटी कमरेला दुपटं गुंडाळलं. कुंची तिने स्वतःच डोक्यावर ओढली आणि काढू देईना. एप्रिलच्या उकाड्यात ती कुंची घालून अप्पांच्या मांडीला टेकून वरणभात जेवली. तो कुकर तीन डब्यांचा होता, पाहुणे आले तरच निघणारा. मी पानं मोजली नव्हती. तू चार मांडलीस आणि एक डबा बांधून दिलास. कोणासाठी ते बोलली नाहीस. आनंदने रात्रीची वाट बघितली नाही, दारातच उघडून खाल्ला. "भातात मीठ बरोबर आहे," एवढंच म्हणाला. त्याच्याकडून हे खूप आहे.

आयेला गाठोडं दाखवलं. त्यांनी हात धुतले, मला पाटावर बसवलं, कुंकू लावलं आणि एकेक झबलं उलगडून माझ्या ओटीत घातलं. शिवण उलटी करून बघितली. "हात चांगला हाय तुज्या आयचा," म्हणाल्या. "चालतो जरा हलू." मग कुंची हातात धरून बसल्या, गोंडा फिरवत.

एक सांगायचं राहिलं. परतीच्या गाडीत दिव्याच्या आधीच मालूने दुपटं ओलं केलं. हिरव्या काठांचं. झोपेत. मी काही म्हटलं नाही, तिला तसंच मांडीवर धरून बसले.

आज सकाळी ते धुतलं. आमच्या घराच्या मागे दोरी आहे आणि पुढे ओट्यावर, खाडीच्या बाजूला, एक आहे. येणारी-जाणारी प्रत्येक बाई बघते. मी पुढच्या दोरीवर टाकलं, काठ बाहेर करून. ऑफिसला निघाले तोपर्यंत तिघींनी विचारलं, कोणाचं गं. माझ्या आईचं, म्हटलं.

फ्रॉक तुझ्याकडेच राहिला. रविवारी नेते.

कुकर आम्ही यायच्या आधी उतरवून ठेव. किंवा राहू दे, चढलेला असू दे.

तुझी
चित्रा